मुलांचा अभ्यास : आमचं चुकलेलं गणित
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यकारिणीकडून निरोप आला की या वेळच्या मेळाव्यात बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, पालकांपैकीच कोणीतरी बोलायचं. विषय ठरला, 'मुलांचा अभ्यास आणि त्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी'. आम्ही प्राध्यापक नाही, शिक्षक नाही. राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. रस्ता आणि स्लॅब सोडून दुसऱ्या कशावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण आमच्या घरात दोन मुलं शिकली, आणि त्यात आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या मात्र आमच्या स्वतःच्या आहेत. त्यावर बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. आणखी एक. बोलणारा इथे एकटा उभा असला तरी 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. चूक दोघांची होती आणि हे भाषणही दोघांनी बसून लिहिलं आहे.

आमच्या मोठ्या मुलीला दहावीला सत्त्याऐंशी टक्के मिळाले. आपल्या मंडळात बक्षीस मिळालं, स्मरणिकेत नाव छापून आलं. आम्ही वाड्यात पेढे वाटले. मग सायन्स. तिला बी ग्रुप घ्यायचा होता, आम्ही ए ग्रुप घ्यायला लावला. का, ते पुढे सांगतो. अलकापुरीकडच्या एका क्लासची फी भरली. सकाळी साडेपाचला उठणं, शाळा, दुपारी घाईत दोन घास, क्लास, रात्री नऊला घरी, जेवण, मग साडेबारा-एकपर्यंत अभ्यास. आम्हाला अभिमान वाटायचा. शेजाऱ्यांना सांगायचो, आमच्याकडे रात्री एकपर्यंत दिवा जळतो.

अकरावीच्या पहिल्या परीक्षेत फिजिक्सला पन्नासपैकी अकरा मार्क आले.

आम्ही काय केलं? जे सगळे करतात ते. मोबाइल काढून घेतला. टीव्ही बंद केला. समोरच्यांच्या मुलाचं उदाहरण दिलं. रविवारी आणखी एक ट्यूशन लावली. "तुझं लक्षच नाही," हे वाक्य दिवसातून दहा वेळा. पुढच्या परीक्षेत अकराचे चौदा झाले, पण पोरगी आमच्याशी बोलायची बंद झाली. ताट घेऊन आजीच्या खोलीत जाऊन जेवायची. आम्ही म्हणालो, वय आहे, चालायचंच.

मग एके दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार. तिच्या वयाच्या मुलीला ते निदान बारा हवं. डॉक्टरांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले. सकाळी काय खाऊन जाते? रात्री किती तास झोपते? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. क्लासची फी आम्हाला पैशापर्यंत पाठ होती, पण या दोन प्रश्नांची उत्तरं आम्हाला येत नव्हती. मंडळी, त्या दिवशी नापास आम्ही झालो होतो.

तिथून पुढे आम्ही एकेक गोष्ट बघायला लागलो. साइटवर स्लॅबला तडा गेला की आम्ही आधी मजुराला दोष देत नाही. सिमेंट बघतो, वाळू बघतो, सळई बघतो, पाणी किती मारलं ते बघतो. घरी मात्र तडा दिसला आणि आम्ही सरळ मुलीलाच दोष दिला. आता जे सांगतो ती त्या तपासणीची टिपणं समजा.

पहिलं, रक्त. लोह कमी असेल तर मूल दमतं, चिडचिडं होतं, लक्ष टिकत नाही. बाहेरून ते आळसासारखं दिसतं. आपल्या मुलींमध्ये हे घरोघर आहे, श्रीमंत-गरीब असा भेद नाही. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी योजनेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी असते, लहान मुलांची गुलाबी असते. आमच्या मुलीला ती शाळेत मिळत होती. मैत्रिणी म्हणाल्या मळमळतं, म्हणून सगळ्याजणी ती गुपचूप टाकून देत होत्या. आम्ही कधी विचारलंच नाही. गोळी जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. जेवणावर लगेच चहा प्यायला तर अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, आणि लिंबू, आवळा सोबत असला तर जास्त लागतं. आमच्याकडे जेवण झालं की चहा ही तीन पिढ्यांची रीत. ती मोडायला महिना लागला, आणि सर्वांत जास्त विरोध मुलीचा नाही, आमचाच होता. औषध डॉक्टरांनी दिलं. तीन-चार महिन्यांत आकडा अकराच्या पुढे गेला. मुलगी जिना चढताना मध्ये थांबायची, ते थांबलं.

दुसरं, झोप. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा. आमच्या मुलीला साडेचार-पाच तास मिळत होती. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसवण्याचं काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे रात्री एकपर्यंतचा तो दिवा, ज्याचा आम्हाला अभिमान होता, तो दिवसभराचं शिकलेलं पुसत होता. आम्ही वेळ मोजला तर क्लासला जाण्या-येण्यात रोज दीड तास जात होता. लांबचा क्लास सोडला आणि घराजवळच्या एका निवृत्त सरांकडे पाठवलं. अकरा वाजता दिवा बंद, आणि उठायची वेळ तासाभराने पुढे. लोकांना वाटलं आम्ही मुलीवरची आशा सोडली.

तिसरं, डोळे. हे धाकट्याचं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बाईंची तक्रार यायची की हा वर्गात सारखा शेजाऱ्याशी बोलतो, त्याच्या वहीत डोकावतो. ताईच्या निमित्ताने त्याचेही डोळे तपासले तर दोन्ही डोळ्यांना नंबर. फळाच दिसत नव्हता, म्हणून बिचारा शेजाऱ्याला विचारून उतरवून घेत होता. चष्मा लागला आणि तक्रार संपली. आपल्याला दिसत नाही हे मुलाला कळत नाही, कारण दिसणं कसं असतं हे त्याला ठाऊकच नसतं.

चौथं भाषा. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण हे आपलं, म्हणजे बडोद्यातल्या मराठी माणसाचं, खास दुखणं आहे. आपल्या घरात मराठी, ओटल्यावर आणि बाजारात गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. चार भाषा येतात म्हणून आपण कौतुक करतो, आणि ते खरंही आहे. पण मूल विचार कोणत्या भाषेत करतं, हे आपण कधी बघतो का?

आमची मुलगी न्यूटनचा पहिला नियम इंग्रजीत घडाघडा म्हणायची. एकदा आजीने सहज विचारलं, "बसने ब्रेक मारला की आपण पुढे का गं पडतो?" पोरगी गप्प. नियम पाठ होता, पण तो या बसचाच नियम आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने उत्तर दिलं, ते अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत, आणि अगदी बरोबर दिलं. आजी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिला फिजिक्स येत नाही, म्हणून ती खरे प्रश्न विचारते. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नेम झाला. रात्री जेवताना मुलीने त्या दिवशीचं काहीतरी एक आजीला मराठीत समजावून सांगायचं. आजीला कळलं तर धडा झाला. नाही कळलं तर धडा राहिला.

यात इंग्रजी शाळेला नावं ठेवायची नाहीत. आम्हीच मुलांना तिथे घातलं. पण २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही म्हटलं आहे की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. शाळा आपल्या हातात नाही, पण जेवणाचं पान तर आपल्या हातात आहे. जे घरच्या भाषेत सांगता येतं ते समजलेलं असतं. बाकीचं नुसतं पाठ असतं. आपण मात्र उलटं करतो. इंग्रजी सुधारावं म्हणून घरीही मोडक्या इंग्रजीत बोलतो आणि मुलाची एक पक्की भाषाही कच्ची करून टाकतो.

पाचवं, अभ्यासाची पद्धत. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुस्तक उघडं ठेवून पुन्हापुन्हा वाचणं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे पुस्तक मिटल्यावर डोक्याला जो ताण पडतो, तोच खरा अभ्यास. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाचन दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येतं, पण महिन्याभराने हाती काही राहत नाही.

हे आम्हाला लगेच पटलं, कारण हे आमच्या धंद्यातलंच आहे. स्लॅब ओतला की त्यावर रोज पाणी मारावं लागतं, निदान आठवडाभर तरी. सात दिवसांचं पाणी एकाच दिवशी टँकरने ओतलं तर ते वाहून जाईल, स्लॅब पक्का होणार नाही. काँक्रीटच्या ठोकळ्याची खरी ताकद आम्ही अठ्ठावीस दिवसांनी तपासतो. आणि आपण मुलांना सांगतो, आजच शिकवलं, आजच का येत नाही? आम्ही मुलीला रोज थोडं-थोडं पाणी मारायला शिकवलं. काल शिकलेलं आज पुस्तक मिटून लिहायचं, तेच चार दिवसांनी पुन्हा, तेच पंधरा दिवसांनी पुन्हा. पहिल्यांदा लिहायला बसली तेव्हा पान कोरंच राहिलं आणि ती रडली. आम्हीही घाबरलो. पण सर म्हणाले, कोरं पान हीच खरी सुरुवात.

मंडळी, इथपर्यंतच्या पाचही गोष्टी सोप्या आहेत. रक्त, झोप, डोळे, भाषा, पद्धत. थोडे पैसे आणि थोडी शिस्त असली की होतात. सहावी गोष्ट अवघड आहे, आणि ती आमच्याबद्दल आहे.

आम्ही डिप्लोमावाले. नोकरीला लागून वीस वर्षं झाली. आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, डिग्री घेतलेला मुलगा साहेब होऊन येतो. स्वभावाने चांगला असतो, मान देतो. पण बढतीची यादी लागते तेव्हा डिग्री म्हणजे काय ते कळतं. घरची परिस्थिती नव्हती म्हणून आमची डिग्री राहिली. ती आमच्या मुलीने घ्यावी, असं आम्ही तिला न विचारता मनाशी ठरवून टाकलं होतं. ए ग्रुप त्यासाठीच. तिच्या प्रत्येक पेपरात आम्ही आमचे मार्क शोधत होतो. तिला पन्नासपैकी अकरा मिळाले तेव्हा आम्हाला राग तिचा आला नव्हता, तो जुना होता. तिने तो का सोसायचा?

ज्या घरात मार्कांची भीती असते तिथे मूल चूक लपवतं. आणि लपवलेली चूक कोणी दुरुस्त करू शकत नाही. आमच्या मुलीने आम्हाला नंतर सांगितलं की तिला वेक्टर पहिल्या दिवसापासून कळले नव्हते. क्लासमध्ये विचारायची सोय नव्हती आणि घरी विचारायची हिंमत नव्हती. तीन महिने ती न कळलेल्या पायावर वरचे मजले चढवत राहिली. आम्ही तिची माफी मागितली. आई-बापाने मुलांची माफी मागायची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे नीट जमलं नाही. पण त्या दिवशी ती ताट घेऊन बाहेर आमच्यात येऊन बसली.

'हुशार' आणि 'ढ' हे दोन शब्द आपण फार लवकर वापरतो. बडोद्याच्या माणसाने तरी वापरू नयेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून इथे आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आजच्या हिशेबाने सातवीतला निरक्षर मुलगा. कोणत्याही शाळेने त्याला प्रवेश दिला नसता. त्याला इलियट साहेबांसारखा शिक्षक मिळाला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा त्याला शिकवल्या, त्याबरोबर घोडेस्वारी आणि तालीम. १८८१ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या हाती राज्याचा कारभार दिला गेला. ते आपले सयाजीराव महाराज.

कोणी म्हणेल, राजवाड्यात सगळंच मिळतं. खरं आहे. म्हणूनच महाराजांनी पुढे काय केलं ते बघा. आपल्याला जे मिळालं ते बाकीच्यांना मिळायला हवं, असं त्यांनी ठरवलं. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सर्व राज्यात नेलं. शाळा काढून भागत नाही, शिकलेला मुलगा वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतो, हेही त्यांनी ओळखलं. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. शिकणं हे नुसतं मुलाच्या डोक्यावर अवलंबून नसतं, भोवती काय आहे यावरही असतं, हे त्यांनी स्वतःवरून जाणलं होतं.

आता मंडळाला दोन-तीन विनंत्या.

एक. आपल्या वरच्या मजल्यावरची खोली वर्षातून दहा दिवस मखराचं सामान ठेवायला लागते आणि बाकीचे दिवस बंद असते. ती रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवू. तिथे कोणी शिकवायचं नाही. चार टेबलं, चांगला उजेड, आणि मोठ्यांपैकी एकजण पेपर वाचत बसलेला. वाड्यातल्या दोन खोल्यांत पाच माणसं राहतात अशी घरं आपल्यात आजही आहेत. त्या मुलांना क्लास नको, शांत जागा हवी. आणि आजी-आजोबा येऊन बसले तर फारच चांगलं. मुलांना धडा मराठीत सांगायला कोणीतरी समोर हवं असतं. पहिल्या महिन्याच्या किल्लीची जबाबदारी आम्ही दोघं घेतो.

दोन. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राला सुट्टी देऊन मुलांची हिमोग्लोबिन आणि डोळ्यांची तपासणी ठेवावी. आपल्या सभासदांत डॉक्टर आहेत, ते नाही म्हणणार नाहीत.

तीन. हे जरा भीत-भीत सांगतो. याच स्मरणिकेत दरवर्षी गुणवंतांची यादी छापली जाते. ती जरूर छापावी, मेहनतीचं कौतुक झालंच पाहिजे. पण आमच्या मुलीचं नाव एका वर्षी त्या यादीत होतं आणि दोन वर्षांनी नव्हतं. त्या वर्षी तिने स्मरणिका उघडलीही नाही. यादीच्या खाली एक ओळ टाकता येईल का, की या वर्षी ज्यांनी ज्यांनी दहावी-बारावीची परीक्षा दिली त्या सर्वांना मंडळाचा आशीर्वाद? एका ओळीने कागद वाढत नाही.

शेवटी, तुम्ही विचाराल की मुलीचं पुढे काय झालं. मोठा चमत्कार झाला नाही. बारावीला सहासष्ट टक्के मिळाले. फिजिक्समध्ये व्यवस्थित पास झाली. इंजिनियरिंगला गेली नाही. तिने स्वतः फॉर्म भरून इथल्याच सायन्स फॅकल्टीत जिऑलॉजी घेतली. आम्हाला पहिले दोन महिने लोकांना सांगायला अवघड गेलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे पावागडला गेलो होतो. आजीला रोपवेने वर पाठवून आम्ही बाकीचे पायऱ्या चढत होतो. मुलगी वाटेत थांबून दगड दाखवत होती. खालचा काळा तो बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. वरचा फिकट तो रायोलाइट, तोही लाव्हाच, पण वेगळ्या जातीचा. आम्ही वीस वर्षं रस्त्यावर काळी खडी टाकली, पण ती आली कुठून हे आम्हाला त्या दिवशी कळलं, आणि तेही मराठीत. वर पोचल्यावर तिने तेच आजीला सांगितलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता कळलं मला."

आपला बाप्पा विद्येचा देव आहे. त्याचे कान सुपाएवढे आहेत. मुलांच्या मार्कांसाठी त्याच्यापुढे हात जोडताना आपणही घरी थोडं ऐकायला शिकावं, एवढंच मागणं.

गणपती बाप्पा मोरया!